दहावीच्या परीक्षेत पालकांनी नेमके काय सांभाळावे

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आणि मराठवाड्यात हेच दिवस ज्वारीच्या काढणीचे, हरभऱ्याच्या मळणीचे आणि लग्नसराईचे असतात. अभ्यास मुलाने करायचा असतो. त्याचा वेळ, त्याची झोप आणि घरातली शांतता राखणे हे पालकांचे काम आहे. म्हणून वेळापत्रक हाती आले की घरातील मोठ्यांनी एकत्र बसून त्या दिवसांत रानातल्या कामाला कोण जाईल, लग्नांना कोण जाईल आणि पाहुण्यांना काय सांगायचे, हे आधीच ठरवून टाकावे. जवळच्या नातलगाच्या हळदीला गेले नाही म्हणून होणारा रुसवा पुढे मिटतो.

हॉल तिकिटावरील नाव, विषय आणि बैठक क्रमांक शाळेतून मिळाल्याबरोबर तपासावेत, कारण चूक असल्यास मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर एकदा पेपरच्याच वेळेला तिथवर जाऊन यावे. पेपर ११ वाजता सुरू होत असला तरी विद्यार्थ्याने साडेदहापर्यंत केंद्रावर असणे अपेक्षित असते, त्यामुळे एसटीच्या एकाच फेरीवर विसंबून न राहता शेजारच्या पालकांशी बोलून दुसऱ्या वाहनाची सोय करून ठेवावी. वीज जाणे आपल्याकडे नवे नाही; चार्जिंगचा दिवा दिवसाच भरून ठेवावा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पेपर सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. मूल फाटकातून बाहेर येते, हातात घडी घातलेली प्रश्नपत्रिका असते, आणि दुचाकीवर बसायच्या आतच विचारले जाते, ‘किती सुटला? तिसऱ्याचं उत्तर काय आलं?’ मग तिथेच उत्तरे पडताळली जातात, एक चूक सापडते आणि दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाची संध्याकाळ तिच्या विचारात जाते. त्याऐवजी ‘लेकरा, आधी जेवून घे’ एवढेच म्हणावे. बीजगणिताचा पेपर अवघड गेला म्हणून मूल खचले असेल, तर त्याला हिशेब समजावून सांगावा: बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे गणिताचे १०० गुण एकत्र धरले जातात, त्यामुळे भूमितीत भर काढता येते. शिवाय सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांवर टक्केवारी काढली जाते, हेही त्याला ठाऊक असू द्यावे.

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले या काळात आजी-आजोबांजवळ असतात. अशा पालकांनी रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, जेवण आणि झोप विचारावी, आणि गुणांचा विषय मुलाने काढला तरच बोलावे. ‘तुझ्यासाठीच राबतोय’ हे वाक्य खरे असले तरी परीक्षेच्या आदल्या रात्री ते म्हणू नये. तसेच लातूरला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या चुलतभावाचे दाखले देऊ नयेत. त्यांतून जिद्द क्वचित येते, चीड मात्र नक्की येते.

मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा रात्री दहानंतर घरातील सर्वांचेच फोन एका जागी ठेवणे अधिक चालते. कॉपीची सोय करून देणाऱ्या ‘हितचिंतकांना’ मात्र पालकांनीच ठणकावून नाही म्हणावे, कारण पकडले जाते ते मूलच.

मूल सलग काही दिवस जेवत नसेल, झोपत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ती परीक्षेची धास्ती म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे न ठेवता डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

निकालाआधीच एवढे सांगून ठेवावे की जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो. निकालानंतर गुणांबद्दल शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि गुणपडताळणी यांसाठी मंडळाने दिलेल्या मुदतीत अर्ज करावा.