उपनगरातला डीपी रस्ता रुंद करताना: मोजणीपासून शेवटच्या थरापर्यंत

पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचे ठरले होते आणि २०१८ मध्ये कामाला सुरुवातही झाली. जागा मात्र ताब्यात नव्हती. शेवटी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली आणि जेमतेम साडेतीन किलोमीटरचे काम वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांत चालत राहिले. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिथल्या सात मीटर डांबरी रस्त्यांवर आता टॉवर उभे राहत आहेत, त्यामुळे हा प्रश्न एका रस्त्यापुरता उरलेला नाही. पुढचा क्रम विकास आराखड्यात (म्हणजे डीपीत) २४ मीटर दाखवलेला, पण प्रत्यक्षात ७ मीटर असलेला रस्ता समोर ठेवून दिला आहे. प्रभागातले अभियंते, नगरसेवक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी या तिघांनाही तो उपयोगी पडेल.

आधी वाहने मोजा

सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळा-कॉलेजे चालू असताना मोजणी करा. नुसती वाहनसंख्या उपयोगाची नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ती पीसीयूमध्ये, म्हणजे मोटारीच्या मापात आणावी लागते. दुचाकींचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर एक दुचाकी ०.७५ धरतात, मोटार १, तेवढ्याच प्रमाणातली रिक्षा २, आणि बस-ट्रक ५ टक्क्यांहून कमी असतील तर प्रत्येकी २.२.

उदाहरणादाखल गर्दीच्या एका तासात १८०० दुचाकी, ५०० मोटारी, ३०० रिक्षा, ८० बस-ट्रक आणि ७० छोटे टेम्पो (प्रत्येकी १.४) धरू. बेरीज २७२४ पीसीयू होते. उपमुख्य रस्त्यावर दोन मार्गिकांची क्षमता दोन्ही दिशा मिळून १२०० आणि दुभाजक असलेल्या चार मार्गिकांची २९००. म्हणजे रुंदीकरण संपले त्याच दिवशी रस्ता ९४ टक्के भरलेला. वाहने वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली तर दुसऱ्या वर्षीच तो ओसंडतो.

हा आकडा लोकांपासून लपवू नका. ६० माणसे नेणारी एक बस २.२ पीसीयू जागा घेते. तीच माणसे दुचाकीवर दीड-दीड बसून गेली तर ४० दुचाकी, म्हणजे ३० पीसीयू लागतात. तेव्हा थांबे, बसला वळायची जागा आणि आराखड्यातले समांतर रस्ते याच प्रस्तावात आले पाहिजेत. पुढच्या टप्प्यावर ढकललेले थांबे बहुधा होत नाहीत.

चौक आधी, सरळ रस्ता नंतर

सरळ रस्ता कितीही रुंद केला तरी सिग्नल जेवढी वाहने सोडेल तेवढीच पुढे जाणार. थांबारेषेवरच्या रुंदीला (मीटरमध्ये) ५२५ ने गुणले की हिरवा दिवा तासभर सलग राहिला तर किती पीसीयू सुटतील ते मिळते. ७ मीटरला ३६७५. पण १२० सेकंदांच्या चक्रात तुमच्या बाजूला ३० सेकंदच हिरवा मिळत असेल तर हाती राहतात फक्त ९१९. त्याच बाजूचा शेवटचा ६० मीटर भाग तीन मार्गिकांचा, साडेदहा मीटर केला, तर तेवढ्याच वेळात १३७८ सुटतात. पैसे किंवा जागा तुटपुंजी असेल तर आम्ही चौकांना आधी हात घालायला सांगू. मधला दोन किलोमीटर रुंद करून चौक जुनाच ठेवला तर रांग तेवढीच राहते, फक्त ती दोनाऐवजी चार ओळींत उभी असते.

जागा

खरी वर्षे जातात ती इथे. सर्वप्रथम भूमी अभिलेख कार्यालयाकडून संयुक्त मोजणी करून घ्या. महापालिकेचा आराखडा, गटाचा नकाशा आणि जागेवरची भिंत या तिन्ही रेषा क्वचितच जुळतात. मोजणीच्या वेळी जागामालक हजर हवेत, हद्दीचे दगड लगेच रोवलेले हवेत आणि ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात यायला हवी. मग प्रत्येक गटासाठी एक ओळ असा तक्ता करा: सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवरची नावे, बाधित चौरस मीटर, बांधकाम, भाडेकरू, चालू दावा, ताब्याची स्थिती. कूळ, वारसनोंद आणि भावकीचे वाद याच तक्त्यात आधी दिसतात.

रस्ता आराखड्यात नसेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा (रस्त्याची अधिकृत हद्द) ठरवता येते. आराखड्यात असेल तर एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२६ चे तीन मार्ग आहेत: वाटाघाटीने रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जमिनीवर जादा बांधकामाची मुभा), आणि शेवटी सक्तीचे संपादन. तिसऱ्या मार्गाने गेल्यास २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्यावर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम लागते. मुदतीकडेही डोळ्यांत तेल घालून पाहा. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षणच जाते.

टीडीआर दुप्पट मिळतो, मग शेतकरी नाही का म्हणतो? दाट वस्तीबाहेर ३०० चौरस मीटर जागा दिली की ६०० चे विकास हक्क प्रमाणपत्र मिळते, हे बरोबर. पण ते दुसरीकडे वापरताना रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) दरांचे गुणोत्तर लागते. देणाऱ्या जागेचा दर १०,००० आणि वापरायच्या जागेचा ४०,००० असेल, तर ६०० चे १५० होतात. त्यात बाजार पडलेला असला तर गिऱ्हाईकही लवकर मिळत नाही. मालकासमोर बसताना हे गणित कागदावर मांडा. त्याच्याच उरलेल्या जमिनीवर एफएसआय वापरता येत असेल तर तो पर्याय आधी सांगा, कारण तिथे ही घट होत नाही.

अर्धा-एक गुंठ्याच्या घरांना टीडीआर निरुपयोगी आहे. ५० चौरस मीटरमधून तीन मीटरची पट्टी गेली की राहायला काही उरत नाही. अशा मिळकती पूर्ण घ्या, मोबदला रोख द्या आणि त्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या वर्षीच धरा. पथारीवाल्यांना २०१४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस आणि पर्यायी जागा द्यावी लागते. ती जागा त्याच रस्त्याच्या आसपास असली तरच ते तिथे टिकतात.

सलग एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा ताबा आल्याशिवाय त्या भागाची वर्क ऑर्डर देऊ नका. मधे एक घर सात मीटरवर अडून राहिले तर दोन्ही बाजूंना झालेल्या कामाचा उपयोग जवळपास शून्य, आणि अचानक अरुंद होणारा रस्ता रात्री जीव घेतो. अशी जागा उरलीच तर किमान ५० मीटर आधीपासून रंगपट्टे, परावर्तक आणि दिवे लावून मार्गिका हळूहळू आत घ्या.

२४ मीटरची वाटणी

प्रत्येक दिशेला ७ मीटर, मध्ये १.२ मीटर दुभाजक. उरलेल्या ८.८ चे दोन भाग केले की बाजूला ४.४ मीटर मिळतात: खांब-झाडांसाठी १.२, चालायला मोकळे २.५, भिंतीलगत ०.७. सोसायट्या पार्किंग मागतील आणि ते पदपथातूनच कापले जाईल. तिथे ठाम राहा. मोकळी रुंदी १.८ मीटरच्या खाली कुठेही जाऊ नये आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी.

जमिनीखालचे

निविदेआधी दर ५० मीटरला आडवा चाचणी खड्डा घ्या, कारण जुन्या जलवाहिन्यांचे नकाशे भरवशाचे नसतात. महावितरणच्या केबल आणि वीज वितरण पेट्या, ड्रेनेज, गॅस, इंटरनेट या सगळ्यांची संयुक्त पाहणी करून स्थलांतराचा खर्च अंदाजपत्रकात घाला. नव्या वाहिन्या पदपथाखाली न्या आणि दर १०० मीटरला रस्त्याच्या आरपार दोन-तीन रिकामे पाइप टाकून ठेवा. ते नसले की पहिल्याच वर्षी कोणीतरी नवा डांबरी थर कापतो.

पावसाळी गटार ज्या नाल्यात सोडायचे त्याची मोरी जुनी आणि अरुंद असेल तर ती आधी वाढवा. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ५० वर्षांहून जुने झाड हेरिटेज ठरते आणि ते तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. वडा-पिंपळासाठी दुभाजक किंवा पदपथ थोडा वळवणे बहुतेक वेळा जमते.

भर, खडी, डांबर

रुंदीकरणाचे अपयश जुन्या-नव्याच्या सांध्यात दिसते. जुना रस्ता वर्षानुवर्षे दबलेला आणि बाजूची काळी माती मऊ, त्यामुळे पहिल्या पावसातच सांध्यावर लांबच लांब भेग पडते. काळी माती काढून किमान ५०० मिलिमीटर चांगला मुरूम थराथराने भरा. दाब (प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या) ९७ टक्के आणि सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची क्षमता, ५ च्या वर आल्याचा चाचणी अहवाल मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनी डांबरी कड यंत्राने ३०० मिलिमीटर आत सरळ कापा आणि खालचा प्रत्येक थर पायऱ्यांसारखा कापून नवा थर त्यावर चढवा. सांधा चाकाच्या माऱ्याखाली न येता मार्गिकेच्या पट्ट्याखाली यावा.

त्यावर साधारण २०० मिलिमीटर जीएसबी (पाणी निचरणारा खडीचा पायाथर) आणि २५० मिलिमीटर डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), दोन थरांत. जीएसबीला कडेला पाणी निघायला वाट ठेवा, नाहीतर तो थरच पाणी साठवतो. डीबीएमची (डांबरमिश्रित खडीचा खालचा थर) जाडी जड वाहनांच्या मोजणीवरून २० वर्षांसाठी काढा, आणि वर ४० मिलिमीटर बीसी (शेवटचा डांबरी थर). व्हीजी-३० प्रतीचे डांबर असेल तर पेव्हरपाशी (थर पसरणाऱ्या यंत्रापाशी) मिश्रण १४० अंशांच्या खाली आलेले नको. वाहतुकीत अडकलेला डंपर थंड माल आणतो, म्हणून डांबरीकरण रात्री करा आणि प्रत्येक डंपरला थर्मामीटर लावा. रस्त्याचा आडवा उतार २.५ टक्के. शेवटचा थर टाकण्याआधी जुन्या भागाचे मिलिंग करा, म्हणजे वरचा थर यंत्राने खरवडून काढा. ते टाळून थरावर थर चढवत गेले की पावसाचे पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उतरते. चेंबरची झाकणे शेवटच्या थराच्या पातळीला, ५ मिलिमीटरच्या फरकात बसवा.

मातीकाम ऑक्टोबरमध्ये सुरू करा आणि खोदाई मेअखेर पूर्ण बंद ठेवा. पहिल्या जोरदार पावसात ठेकेदारासोबत रस्ता चालत जा. पाणी साचलेल्या जागा आणि सांध्यावरच्या भेगा अंतरासह लिहून घ्या, फोटो काढा आणि दोषदायित्वाच्या काळातच (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत) त्या लेखी कळवा. मुदत संपल्यावर तीच दुरुस्ती महापालिकेच्या पैशाने करावी लागते.