कमी वॅटच्या ट्यूब ॲम्पसाठी स्पीकर घेताना: आधी ओहम बघा

ॲम्प घरात आलाय, वॅट मोजकेच आहेत आणि आता स्पीकर शोधताय असं धरून लिहितो. ॲम्प नक्की किती वॅटचा ते आधी कागदावर लिहा. एकच ईएल८४ ट्यूब लावलेला, म्हणजे सिंगल-एंडेड, असेल तर चार-पाच वॅट, २ए३ असेल तर साडेतीन, ३००बी असेल तर आठच्या आसपास. विकणाऱ्याने पंधरा सांगितले असतील तर ते सोडून द्या.

डीबीचा आकडा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, सगळेच बघतात, म्हणून थोडक्यात. तीन डीबी कमी झाले की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, दहा डीबी कमी झाले की दहापट. ९६ डीबीच्या स्पीकरवर आठ वॅटमध्ये जे होतं, त्याला ८६ डीबीच्या स्पीकरवर ऐंशी वॅट पाहिजेत. पखवाजावर धुमाळीची थाप पडते तेव्हा आवाज सरासरीच्या दहा-पंधरा डीबी वर उडी मारतो, आणि चार वॅटचा ॲम्प तिथेच गुदमरतो. माझा हिशोब असा: पाच वॅटच्या आत असाल तर ९४ डीबीच्या खाली बघू नका, आठ वॅट आणि लहान खोली असेल तर ९१-९२ चालतील.

आता मुख्य. तो डीबी कशावर मोजलाय? मागच्या खेपेला मी ९२ वाचलं आणि पैसे देऊन मोकळा झालो. खाली बारीक अक्षरात २.८३ व्होल्ट लिहिलं होतं, स्पीकर ४ ओहमचा होता (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप). २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर एक वॅट. ४ ओहमवर तेच दोन वॅट होतात. म्हणजे दोन वॅट पाजून ९२ काढलेले, एका वॅटला खरे ८९. निम्मा ॲम्प कागदावरच गेला. म्हणून ओहम बघा. काही कंपन्या खोलीच्या भिंतींची मदत धरूनही आकडा फुगवतात, त्यातले दोन-तीन डीबी मनातून वजा करा, पण ओहम आधी बघा.

आणि ओहम म्हणजे डब्यामागच्या पट्टीवर छापलेला '८ ओहम' नव्हे. तो ढोबळ आकडा. प्रत्यक्षात इम्पिडन्स, म्हणजे हाच अडथळा, प्रत्येक सुरागणिक बदलतो: एकच स्पीकर खर्जात तीस ओहम दाखवेल आणि शंभर-दीडशे हर्ट्झला साडेतीनवर येईल. ट्रान्झिस्टर ॲम्पला त्याचं फारसं काही वाटत नाही. फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल थोडा परत आत देऊन चूक सुधारणारी जोडणी) नसलेल्या सिंगल-एंडेड ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्सच दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेख जिथे वर जातो तिथे आवाज फुगतो आणि जिथे खाली येतो तिथे बसतो. खर्ज गुबगुबीत, मधला गळा चेपलेला. तेव्हा आलेख मागा. किमान ६ ओहमच्या खाली न जाणारा आणि शक्य तितका सपाट. विकणारा "आलेख कशाला, ऐका की" म्हणाला तर ऐका, पण आलेख मागा.

आलेख नसेल तर घरीच काढता येतो. कुठलाही जुना ट्रान्झिस्टर ॲम्प, १०० ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर स्पीकरच्या मालिकेत, मोबाइलवर टोन काढणारं ॲप आणि दोन व्होल्टची एसी रेंज असलेला मल्टिमीटर. आधी स्पीकरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज लिहून ठेवा, मग स्पीकर लावून वीस हर्ट्झपासून वर जात तुलना करा. स्वस्त मीटर चारशे-पाचशे हर्ट्झच्या पुढे खोटं बोलतो, पण खर्जातले खड्डे सापडतात. नुसता मीटर लावून डीसी रेझिस्टन्स बघितला की झालं असं समजू नका. त्यातून चार की आठ एवढंच कळतं.

डब्याचा आकार: खोल खर्ज, जास्त डीबी आणि लहान डबा, तिघांपैकी दोनच मिळतात. केएलएच कंपनीतला 'एच' म्हणजे हॉफमन, त्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणून ९६ डीबीचा डबा कपाटाएवढा दिसला तर दचकू नका, आणि पुस्तकाएवढ्या डब्यावर ९६ लिहिलं असेल तर मात्र दचका. लाउडस्पीकरवाल्यांचे पंधरा इंची वूफर स्वस्त मिळतात, ९७-९८ डीबीही असतात, पण तो आकडा मधल्या पट्टीचा. घरच्या डब्यात त्यांचा खर्ज उतरेलच असं नाही. सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या फुल-रेंज ड्रायव्हरचे डबे मला आवडतात, कारण मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. वरचा सूर कधीकधी टोचतो, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

खोली. पत्र्याच्या घरात खर्ज लागला की पत्रा थरथरतो, तिथे मोठा वूफर आणू नका. स्लॅब आणि शहाबादी फरशी असेल तर सतरंजी टाका. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतींमुळे खर्ज भरपूर मिळतो.

ऐकायला देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाणार असाल तर आपला ॲम्प सोबत न्या, ट्यूबा काढून कापडात गुंडाळून. दुकानातल्या दोनशे वॅटच्या ॲम्पवर सगळेच स्पीकर गोड वाजतात. आणि हो, तिथेही ओहम विचारा.

वीज. शेतीपंप चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडतं, रात्री चढतं, आणि चढलेलं व्होल्टेज ट्यूबांच्या फिलामेंटचं आयुष्य खातं. स्टॅबिलायझर घ्या. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प लावू नका. अर्थिंग बघून घ्या. ९८ डीबीच्या हॉर्नवर ॲम्पची घुंई पलंगापर्यंत ऐकू येते, ८६ च्या स्पीकरवर तीच कळली नव्हती.

जुना स्पीकर असेल तर फोमची कड बोटाने दाबून बघा, भुगा झाला तर किंमत पाडा. कोन हळूच ढकलून बघा, घासल्याचा आवाज नको. दोन्ही स्पीकर सारखेच वाजतात का ते बघा.

आणल्यावर: स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ॲम्पच्या मागे स्पीकर जोडायचे ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप लावून बघा. ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपवर लावला तर वॅट थोडे कमी होतात, पण खर्ज आवळून येतो. तारेवर पैसे घालवू नका. मे महिन्यात ॲम्पच्या वर कापड टाकू नका. बाकी सगळं लावून झाल्यावर करता येईल.