प्लास्टर घातलं म्हणजे सुटलो? या चुका टाळा

"हात हलतोय, म्हणजे हाड मोडलेलं नाही." प्लास्टर रूममध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. मोडलेला हातही हलतो, बोटंही हलतात. "फ्रॅक्चर नाही हो, नुसती क्रॅक आहे" असं सांगणारेही रोज भेटतात. क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक प्लास्टर घातल्यानंतर होते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत असते आणि पक्कं प्लास्टर तिच्यासोबत सैल होत नाही. म्हणून सुरुवातीला बऱ्याचदा एका बाजूने मोकळं, कच्चं प्लास्टर घालतात. त्यावर लोक कुरकुरतात: "पक्कंच घाला ना, पुन्हा यायला नको."

एक तरुण आठवतो. नडगीचं हाड मोडलेलं, दुसरीकडे संध्याकाळी पूर्ण प्लास्टर घालून घरी पाठवलेला. रात्रभर तळमळला. मोडलंय म्हटल्यावर दुखणारच, असं म्हणून घरच्यांनी गोळी दिली, मग आणखी एक. सकाळी आमच्याकडे आला तेव्हा पाऊल गरम होतं, नाडी लागत होती, त्यामुळे सोबतचे निर्धास्त. मी त्याची बोटं हलकेच खाली वाकवली आणि तो किंचाळला.

पोटरीतले स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज चढली की दाबाने बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, मोठी धमनी मात्र वाहत राहते. म्हणून नाडी फसवते. सहाएक तास असं चाललं की स्नायू कायमचे मरायला लागतात. आम्ही प्लास्टर आणि आतला कापूस थेट कातडीपर्यंत चिरला, तरी दाब उतरेना. शेवटी ऑपरेशन करून कप्पे उघडावे लागले. पाय वाचला, पण पाऊल पूर्ण वर उचलत नाही.

तेव्हा गोळीने न थांबणारं, वाढतच जाणारं दुखणं, मुंग्या, बधीरपणा, बोटं ताणली की जीवघेणी कळ, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. एरवी सूज उतरवायला पाय उशीवर उंच ठेवायचा असतो. या वेळी मात्र हृदयाच्या पातळीतच ठेवा.

दुसरी माझी खास चीड: "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पट्टी काढून फेकणं. पडताना हात टेकला आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखतंय, तर स्कॅफॉइड या छोट्या हाडाची शंका घ्यायची. त्याची भेग पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून हात आधारात ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा लवकर एमआरआय करतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने येतं. ते भेगेपाशी तुटलं तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो, आणि मनगटाचं दुखणं आयुष्यभराचं होऊन बसतं. दोन आठवडे पट्टी जड जाते म्हणणाऱ्यांची मला कीव येत नाही.

घाई करणारे तिसऱ्या आठवड्यात उगवतात: "आता दुखत नाही, काढा प्लास्टर." तोवर तुकड्यांमध्ये मऊ जोड आलेला असतो, म्हणून दुखत नाही, भार पेलण्याइतका तो घट्ट नसतो. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण 6 आठवडे, नडगीला 3-4 महिने, कधी त्याहून जास्त. प्लास्टर हाड जोडत नाही, जागेवर धरून ठेवतं. सळई टाकलेल्यांनीही मिरवू नये: हाड जुळलं नाही तर पुन्हापुन्हा ताण येऊन धातूही मोडतो.

उरलेलं थोडक्यात. प्लास्टरमध्ये सुई किंवा पट्टी घालून खाजवू नका. आत जखम होते, ती चिघळते आणि वास येईपर्यंत कळत नाही. मोकळी बोटं दिवसभर हलवत राहा, नाहीतर हाड जुळतं आणि बोटं आखडतात. सिगारेटने हाड उशिरा जुळतं. "दिवसाला दोनच" हा युक्तिवाद माझ्यापुढे नको. हाड कातडीबाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाकून लगेच दवाखाना गाठा. आणि हाताला मार लागताच अंगठी काढा, सूज चढल्यावर ती कापावी लागते.