३,३५,५०,३३६ या संख्येचे गुणधर्म कागदावर कसे शोधावेत

मोठी संख्या समोर आली की पुष्कळ जण आधी अंकांची बेरीज करतात. येथे ती २८ येते. त्यावरून संख्येला ३ ने किंवा ९ ने भाग जात नाही एवढेच कळते आणि तपास पुढे सरकत नाही. संख्या सम असल्याने प्रथम तिच्यातील सगळे २ बाहेर काढावेत, कारण या संख्येचे बहुतेक गुण त्या एकाच कृतीतून उलगडतात.

संख्येला २ ने भागत जावे: १,६७,७५,१६८, मग ८३,८७,५८४, मग ४१,९३,७९२ असे करत बाराव्या भागाकाराला ८१९१ ही विषम संख्या उरते. बारा वेळा २ चा गुणाकार ४०९६ होतो, म्हणून मूळची संख्या ४०९६ × ८१९१ अशी मांडता येते.

आता ८१९१ ही मूळ संख्या आहे का, हे ठरवावे. तिचे वर्गमूळ ९० च्या किंचित पुढे आहे, त्यामुळे सरधोपट मार्गाने ८९ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. हा खटाटोप टाळता येतो. ८१९१ म्हणजे २ चा तेरावा घात उणे १. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. येथे ती दुप्पट २६ असल्याने ९० च्या आत २७, ५३ आणि ७९ एवढेच उमेदवार उरतात. पैकी २७ मूळ नाही, ५३ ने भागल्यास बाकी २९ राहते आणि ७९ ने भागल्यास ५४. म्हणजे ८१९१ मूळ आहे. घातांक मूळ आहे एवढ्यावरून हा निष्कर्ष कधीही काढू नये, कारण २ चा अकरावा घात उणे १, म्हणजे २०४७, ही २३ × ८९ अशी फुटते.

अवयव हाती आल्यावर विभाजक मोजावेत. घातांक १२ आणि १ आहेत. प्रत्येकात १ मिळवून गुणल्यास १३ × २, म्हणजे २६ विभाजक मिळतात. त्यांच्या बेरजेसाठी १ पासून ४०९६ पर्यंतच्या २ च्या घातांची बेरीज, जी नेमकी ८१९१ भरते, तिला १ + ८१९१ ने गुणावे. उत्तर ६,७१,००,६७२ येते आणि ते मूळच्या संख्येच्या बरोबर दुप्पट आहे. म्हणून स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ३,३५,५०,३३६ होते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतरची ही पाचवी. (अंकांची बेरीज २८ हीसुद्धा परिपूर्ण निघाली, हा मात्र निव्वळ योगायोग.) २ चा एखादा घात गुणिले त्याच्या दुपटीहून १ ने लहान असलेली मूळ संख्या (येथे ४०९६ × ८१९१), ही रचना परिपूर्ण संख्या देते हे युक्लिडने सिद्ध केले होते, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याही रचनेची असत नाही हे ऑयलरने दाखवले.

४०९६ हे ८१९२ च्या निम्मे असल्यामुळे ही संख्या ८१९१ × ८१९२ ÷ २ इतकी, म्हणजेच १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज आहे. ती त्रिकोणी संख्या ठरते. फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती तेरा एके आणि त्यापुढे बारा शून्ये अशी लिहिली जाते. शिवाय पहिल्या क विषम संख्यांच्या घनांची बेरीज क² × (२क² − १) असते; त्यात क = ६४ घातल्यास ४०९६ × ८१९१ मिळते, म्हणून १ पासून १२७ पर्यंतच्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच आहे.