क्रूझवरची वंशावळ कॉन्फरन्स: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि तिथे बोलू इच्छिणाऱ्यांसाठी

वंशावळ शोधायचा नाद असलेल्या लोकांची कॉन्फरन्स क्रूझवर भरते हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं, पण ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत हा प्रकार चांगला रुळलेला आहे. ॲडलेडच्या गुल्ड जिनिऑलॉजीवाल्यांनी 'अनलॉक द पास्ट' या नावाने अशा बऱ्याच क्रूझ काढल्या, अमेरिकेत लेगसी फॅमिली ट्री सॉफ्टवेअरवाल्यांनीही काढल्या. संयोजक अख्खं जहाज घेत नाहीत, नेहमीच्याच क्रूझवर आपला एक ग्रुप बुक करतात आणि जहाजावरचे कॉन्फरन्स हॉल वापरतात, बाकी हजारो प्रवासी आपापल्या सुट्टीवर असतात. मी सिडनीला राहते, इथून पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटांकडे जाणाऱ्या अशाच एका क्रूझवर ऐकायला आणि बोलायला असं दोन्हीसाठी गेले होते. तेव्हापासून ओळखीतले मराठी लोक विचारत असतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

सगळ्यात आधी बुकिंग. स्वस्त दिसलं म्हणून परस्पर क्रूझ कंपनीकडून तिकीट काढू नका, बहुतेक संयोजकांची अट असते की केबिन त्यांच्याच ग्रुपमधून घ्यायची, नाहीतर सेशनला बसता येत नाही. भाडं आणि कॉन्फरन्स फी वेगवेगळी असते. भाडं दोघांनी एक केबिन वापरायची असं धरून सांगितलेलं असतं, एकटे जाणार असाल तर जवळजवळ दुप्पट पडू शकतं, म्हणून केबिन शेअर करणारं कुणी मिळेल का हे संयोजकांना लगेच विचारा, ते जोड्या लावून देतात. त्यावर रोजची टिप, इंटरनेट, बंदरावरच्या सहली. आणि इन्शुरन्स घ्याच, कारण जहाजावरचा डॉक्टर चांगले पैसे लावतो आणि देशाबाहेर गेल्यावर मेडिकेअरच्या (ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) भरवशावर राहता येत नाही.

दुसरं व्हिसा, आणि हे भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट वाचा. क्रूझ सिडनीहून निघून सिडनीलाच परत येत असली तरी मधे परदेशी बंदर असेल तर तुम्ही ऑस्ट्रेलिया सोडून गेलात असंच धरतात, म्हणजे परत यायची परवानगी असलेला व्हिसा हवा. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, असेल तरी त्यावरची प्रवासाची मुदत पाच वर्षांची असते, ती संपलेली असेल तर आधी रेसिडेंट रिटर्न व्हिसा काढायला लागतो. शिवाय बंदरावर उतरणार नसलात तरी काही देशांचा व्हिसा मागतात. क्रूझ कंपनीकडून हे ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता कॉन्फरन्स चालते कशी. जहाज दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सेशन, बऱ्याचदा दोन हॉलमध्ये एकाच वेळी. बंदराच्या दिवशी सुट्टी, फार तर संध्याकाळी एखादं. त्यामुळे बुकिंग करताना ती क्रूझ किती दिवस समुद्रात आहे ते बघा, बंदरं जास्त तर कॉन्फरन्स कमी. हवामान बिघडलं की एखादं बंदर रद्द होतं आणि वेळापत्रक बदलतं, तेव्हा रोज सकाळी नोटीस बघायची.

पण खरी मजा सेशनच्या बाहेर आहे आणि मला मुख्य हेच सांगायचंय. जमिनीवरच्या कॉन्फरन्समध्ये तज्ज्ञ बोलतो, चार लोक घेराव घालतात आणि तो टॅक्सी पकडून जातो. इथे तो कुठेच जात नाही. नाश्त्याला तोच, लिफ्टमध्ये तोच, रात्री जेवणाच्या टेबलावरही शेजारी तोच. जुन्या स्कॉटिश चर्च नोंदी, डीएनए मॅच कशा वाचायच्या, आयरिश जमिनीचे रेकॉर्ड, ज्यांनी यात आयुष्य घातलंय अशा माणसांशी तासभर निवांत बोलता येतं आणि कुणी घाई करत नाही. म्हणून जाताना आपले दोनतीन अडलेले प्रश्न कागदावर नीट मांडून न्या: कोण, कुठे, कधी, काय सापडलं, काय सापडलं नाही. नुसतं 'माझ्या पणजोबांबद्दल काही सांगाल का' यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

आणि बंदराचा दिवस नुसता बीचवर घालवू नका, त्या जागेचा आपल्या विषयाशी काय संबंध आहे ते आधी वाचून जा. न्यू कॅलेडोनियाची राजधानी नुमेआ, तिचंच बघा. फ्रान्सने १८६४ पासून न्यू कॅलेडोनियात कैदी पाठवायला सुरुवात केली, १८९७ पर्यंत वीस हजारांहून जास्त माणसं आली, १८७१ च्या पॅरिस कम्यून या उठावाचे राजकीय कैदी आले, अल्जीरियातल्या बंडातले कबाइल लोक आले. नुमेआतल्या नूविल भागात त्या तुरुंगाच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि कैद्यांच्या नोंदी फ्रान्सच्या सागरपार अभिलेखागारात ऑनलाइन शोधता येतात. त्याच काळात रियुनियन बेटावरून ऊसमळ्यांसाठी भारतीय मजूर तिथे आणले होते, त्यांना मलबार म्हणत, त्यांचे वंशज तिथल्या समाजात मिसळून गेलेत. हे माहीत असलं की शहरातून फिरताना आडनावांच्या पाट्यासुद्धा थांबून वाचाव्याशा वाटतात.

बोलायचं कसं मिळतं? संयोजक साधारण वर्षभर आधी विषय मागवतात, शीर्षक, पाचसात ओळींचा गोषवारा आणि स्वतःची थोडक्यात ओळख. एकच विषय पाठवू नका, चारपाच पाठवा, कारण जहाजावर मोजकेच वक्ते असतात आणि प्रत्येकाला दोनतीन तरी सेशन घ्यायला लागतात. मानधन मिळेल असं धरून चालू नका, कुठे फी माफ असते, कुठे भाड्यात सूट, तेही आधी लेखी विचारून घ्या, यात संकोच करण्यासारखं काही नाही. थेट जहाजापासून सुरुवातही करू नका. सिडनीत सोसायटी ऑफ ऑस्ट्रेलियन जिनिऑलॉजिस्ट्स १९३२ पासून आहे, बऱ्याच उपनगरांत छोटे फॅमिली हिस्ट्री ग्रुप आहेत, लायब्ररीत ऑगस्टमधल्या फॅमिली हिस्ट्री मंथला वक्ते हवे असतात, तिथे बोलून बघा, लोक काय विचारतात ते कळतं.

विषयाबाबत माझं ठाम मत आहे की आपण आपलंच घेऊन जावं. इंग्लंडच्या जनगणनेवर बोलणारे भरपूर आहेत. पण पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर अशा ब्रिटिश छावण्यांच्या गावी जन्मलेले आजोबा-पणजोबा असलेले लोक त्या हॉलमध्ये हमखास बसलेले असतात आणि त्या गावांबद्दल सांगणारं त्यांना कुणी भेटलेलं नसतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ या मालिकेत आहेत, फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर त्या बघता येतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस फुकट शोधता येतो. ही माहिती सुरुवातीला द्या, सगळे सरसावून बसतात. मग आपल्या नोंदींकडे या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, छापलेले कुलवृत्तांत, पुणे पुराभिलेखागारातलं मोडीतलं पेशवे दप्तर, गोव्याचं १५९५ पासूनचं अभिलेखागार, मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या गिरमिटिया मजुरांच्या नोंदी. यातलं सगळं एका भाषणात कोंबू नका. मी वह्यांवर जास्त वेळ दिला, कारण पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याने दुसऱ्या घराण्यांच्या नोंदी स्वतःच्या हाताने ठेवल्या ही गोष्ट त्या लोकांना फार भिडते.

एक उदाहरण मात्र जरूर घ्या, आपल्या नावांचं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, म्हणजे एका माणसाच्या नावात दोन पिढ्या मिळतात, त्यात वडिलांचं पूर्ण नाव सापडलं की तिसरी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती, त्यामुळे एकच नाव एकाआड एक पिढीत येतं आणि शोधणारा गोंधळतो. बाईचं तर लग्नात आडनाव, मधलं नाव आणि बऱ्याचदा पहिलंही नाव बदलायचं, म्हणून माहेर सापडल्याशिवाय तिचा माग लागत नाही, आणि जुन्या कित्येक वंशावळींत बायकांची नावंच नाहीत. स्लाइडवर एकच कुटुंब घेऊन हे दाखवलं की परदेशी माणसालाही पटकन कळतं.

भाषणानंतर मदतीच्या टेबलावर एक आजोबा लॅपटॉप घेऊन आले, त्यांच्या वडिलांचा जन्म देवळालीचा. बाप्तिस्म्याची नोंद आम्हाला मिळाली, त्यांना आनंद झाला, मग त्यांनी एक जुना फोटो बाहेर काढून दाखवला, बाळ आयाच्या मांडीवर, आणि विचारलं हिचं नाव कुठे मिळेल. चर्चच्या नोंदीत तिचं नाव नसतं. मी त्यांना घरातली जुनी पत्रं, फोटोची मागची बाजू आणि आया साहेबांच्या कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली असेल तर जहाजांच्या प्रवासी याद्या बघायला सांगितलं, तिथेही खूपदा नुसतं 'आया' आणि मालकाचं नाव असतं. त्या टेबलावर तासभर गेला आणि पुढचं सेशन बुडालं, मला त्याचं काही वाटलं नाही. तुमच्याकडेही असे लोक येतील, त्यांच्यासाठी वेळ मोकळा ठेवा.

तांत्रिक गोष्टी पटकन सांगते. इंटरनेट लागेल असं काहीही भाषणात ठेवू नका, आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रहावरून चालणारं इंटरनेट आलंय तरी नेट महाग असतं आणि ऐनवेळी जाऊ शकतं, वेबसाइटचे स्क्रीनशॉट घ्या. स्लाइड लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि पीडीएफमध्ये, देवनागरी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुटतो म्हणून पीडीएफ हवीच. जहाज हलतं तेव्हा लेझर पॉइंटरचा ठिपका स्क्रीनभर नाचतो, त्यापेक्षा स्लाइडवरच बाण काढून ठेवा. उभं राहताना पाय थोडे फाकवून, एक हात पोडियमवर. मळमळ होणाऱ्यांनी गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची आणि तिने झोप येते का हे घरी तपासून बघायचं. सर्ज प्रोटेक्टरवाले एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाहीत, जप्त होतात. शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

नवरा-बायकोपैकी एकालाच हा नाद असेल तरी दोघं जा, दुसऱ्याला जहाजावर करायला भरपूर असतं.

हॅंडआउटवर तुमचा ईमेल मोठ्या अक्षरात टाका, कारण निम्मे प्रश्न लोक घरी जाऊन जुनी ट्रंक उघडल्यावर विचारतात, मला अजून येतात, मोडीतल्या कागदांचे फोटोसुद्धा येतात. मोडी येत नसेल तर वाचून देणारं कुणी आधीच ओळखीचं करून ठेवा, पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग होतात, तिथे विचारलं की माणसं मिळतात.