गेकोचा डोळा लख्ख येण्यासाठी

माझ्या लेपर्ड गेकोचे (ही अंगावर ठिपके असलेली पाळीव पाल) पहिल्या वर्षातले फोटो मी अजून जपून ठेवलेत. एकातही डोळा धड नाही. नाकाचं टोक लख्ख आणि डोळा धुरकट, नाहीतर डोळा बरा आणि पाठीवरचे ठिपके विरघळलेले. दोष लेन्सचा असेल, असं बरेच दिवस वाटत होतं. खरी चूक एवढीच, की मी फार जवळ जात होतो.

अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी उमटते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात या अंतरावर लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं तर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. गेकोचा नुसता डोळाच त्याहून मोठा. छिद्र आणखी लहान करून एफ १६ वर हा पट्टा २ मिलिमीटर होतो, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. त्याऐवजी थोडं मागे सरून १:२ वर, म्हणजे निम्म्या आकारावर, या. त्याच एफ ८ वर आता जवळजवळ ३ मिलिमीटर मिळतात, आणि नंतर फोटो कापून हवा तेवढा मोठा करता येतो. सुरुवात करणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

दुसरं, पोटावर झोपा. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला आला पाहिजे. चेहरा बाजूने घेतला की डोळा, नाकपुडी आणि जबडा साधारण एकाच प्रतलात येतात, आणि तो तीन मिलिमीटरचा पट्टा पुरतो. समोरून काढायचा असेल तर फक्त डोळे धरा, नाक जाऊ द्या. ऑटोफोकस इथे सारखा मागेपुढे चाचपडतो. मी तो बंद करतो, अंतर पक्कं करतो, कोपरं जमिनीला टेकवतो आणि श्वासाबरोबर अंगच किंचित पुढेमागे नेत पाच-सहा फोटो घेतो. त्यातला एक लागतो.

उजेडावर मात्र खूप वेळ द्या. लेपर्ड गेको संध्याकाळी जागा होतो. झगझगीत दिवा लावला की त्याची बाहुली उभ्या बारीक चिरेएवढी होते आणि तो पापण्या मिटू लागतो. त्यामुळे खोलीत मंद दिवा ठेवून मी कमी ताकदीवर एकच फ्लॅश वापरतो. ताकद कमी असली की चमक इतकी क्षणिक असते की हलती जीभसुद्धा गोठते, आणि बाहुली मोठी असतानाच टिपली जाते. फ्लॅशसमोर उजेड मऊ करणारा डिफ्युझर हवाच, शक्य तितका मोठा आणि जवळ. नाहीतर ओलसर डोळ्यात टोचणारा पांढरा ठिपका येतो. काचेतून काढायचं असेल तर लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला सरळ टेकवा, प्रतिबिंब जातं.

स्थिर बसावा म्हणून प्राण्याला फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याच्या अंगाची ऊब बाहेरून येते. ती काढून घेणं म्हणजे छळ आहे. शेपटीला धरू नका. घाबरला तर तो ती टाकून देतो. लेपर्ड गेकोला नवी येते, पण पहिल्यासारखी नाही. क्रेस्टेड गेकोला तर पुन्हा येतच नाही. मी पाच-सात मिनिटांत थांबतो. आधी त्याच्याएवढा दगड ठेवून उजेड, अंतर सगळं जुळवून घेतो आणि मगच त्याला बाहेर काढतो.

कात टाकायच्या आधी तो पांढुरका, निस्तेज दिसतो. तेव्हा कॅमेरा काढूच नका. कात गेल्यानंतरचे एक-दोन दिवस रंग सर्वांत ताजे असतात. माझा पहिला मनासारखा फोटो अशाच एका संध्याकाळचा आहे. पापणीच्या कडेचा दाणा न् दाणा त्यात मोजता येतो.

निरोगी गेकोच्याही अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याला परत ठेवलं की आधी साबणाने हात धुवा, मग कॅमेऱ्याला लावा.