‘गो स्ट्रेट’ म्हणजे कुठवर? इंग्रजीत रस्ता सांगताना या चुका टाळा

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांना रस्ता सांगण्याचा धडा फार सोपा वाटतो. लेफ्ट, राइट, स्ट्रेट. तीन शब्द आले की झालं. माझी शिकवणी दादर पश्चिमेला असल्यामुळे सरावासाठी खरे वाटसरू जिना उतरला की भेटतात. कुणाला सिद्धिविनायकाला जायचं असतं, कुणाला चैत्यभूमीला, कुणाला पुण्याची बस हवी असते. तरीही दर नवीन तुकडी त्याच चुका करते, आणि गंमत म्हणजे त्या व्याकरणाच्या नसतात. ‘यू गो लेफ्ट’ऐवजी ‘यू गोइंग लेफ्ट’ म्हटल्यानं आजवर कुणी हरवलेलं नाही. माणसं हरवतात ती वेगळ्याच कारणांनी.

शेवट नसलेलं ‘स्ट्रेट’

हात लांब करायचा आणि म्हणायचं, ‘गो स्ट्रेट, स्ट्रेट, स्ट्रेट’. जागा जितकी लांब, तितके स्ट्रेट जास्त. मराठीत ‘सरळऽऽ जा’ म्हणताना आपण आवाज ओढतो आणि ऐकणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. परगावच्या माणसाला तो येत नाही. तो पहिल्या वळणापाशी थांबून दुसऱ्याला विचारतो, किंवा थांबतच नाही.

माझ्या वर्गात ‘स्ट्रेट’ एकटं सोडायला बंदी आहे. त्याच्यामागे ‘अंटिल’ आलंच पाहिजे. ‘गो स्ट्रेट अंटिल यू सी द सेकंड सिग्नल.’ जमलं तर कुंपणही घालावं, म्हणजे जागा हुकली हे त्याला कशावरून कळेल तेही सांगून टाकावं. रानडे रोडनं शिवाजी पार्कला निघालेल्याला मी सांगतो, ‘इफ यू सी द सी, यू हॅव गॉन टू फार.’ हे वाक्य पटकन म्हणताना मुलांची जीभ अडखळते, पण एकदा बसलं की विसरत नाहीत.

आपल्यालाच ठाऊक असलेली नावं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण करणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा प्लाझा सिनेमाजवळच्या एका ऑफिसात कामाला होता. तिथे चेन्नईहून एक गृहस्थ कामासाठी आले होते आणि संध्याकाळी त्यांना शिवनेरीनं पुण्याला जायचं होतं. मुलानं दारातच एका दमात सांगितलं, ‘गो स्ट्रेट, टेक द ब्रिज, अदर साइड इज टीटी, देअर यू गेट एशियाड.’ दादरच्या कुठल्याही माणसाला यातलं अक्षर न् अक्षर कळेल.

त्या गृहस्थांनी समोर दिसला तो पूल धरला, म्हणजे स्टेशनचा, रेल्वेचा. संध्याकाळच्या गर्दीतून कसेबसे पलीकडे गेल्यावर ते टीटी शोधू लागले. मुंबईबाहेर बऱ्याच ठिकाणी टीटी म्हणजे तिकीट तपासणारा. आपण ज्याला टीसी म्हणतो तो. काळ्या कोटातला असा एक माणूस त्यांना मिळालाही. त्याच्यापाशी जाऊन त्यांनी अदबीनं विचारलं, ‘एशियाड?’ त्यानं उलट तिकीट मागितलं. तिकीट नव्हतंच. मग खुलासे, हुज्जत, पुन्हा खुलासे. तोवर बस सुटली.

दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात हे हसत हसत सांगत होता. ‘सर, चांगला शिकलेला माणूस, एवढंसुद्धा कळलं नाही त्याला!’ त्या दिवशीचा ठरलेला धडा मी बाजूला ठेवला.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. एशियाड हे 1982च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून एसटीच्या निमआराम गाड्यांना पडलेलं नाव. म्हणजे पाहुण्याला सांगितलेल्या पत्त्यात एक वाहन साठ वर्षांपूर्वी बंद पडलेलं, आणि दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्याच्या जन्माआधीच्या खेळांवरून आलेलं. चूक मात्र पाहुण्याची!

माझी सवय अशी: पाटीवर काय लिहिलंय, दिसायला कसं आहे आणि लोक काय म्हणतात, हे तिन्ही सांगायचं. ‘वॉक ओव्हर टिळक ब्रिज. इट इज द रोड ब्रिज, विथ कार्स ऑन इट, नॉट द रेल्वे वन. अॅट द एंड यू विल सी अ बिग सर्कल. इट्स खोदादाद सर्कल, बट पीपल कॉल इट दादर टीटी.’ लांबलचक वाटतं? वाटू दे. लोक काय म्हणतात तेही वगळू नये, कारण वाटेत त्यानं कुणा टॅक्सीवाल्याला ‘खोदादाद’ विचारलं तर तो डोकं खाजवेल.

दादर-परळात अशा नावांची खाणच आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018 साली प्रभादेवी झालं. फोनवरच्या नकाशात प्रभादेवी, आपल्या तोंडात एल्फिन्स्टन. तिथला पूल 2025च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झाला, तरी त्यानंतरही मी माझ्या एका विद्यार्थिनीला ‘टेक द एल्फिन्स्टन ब्रिज’ असं ठणकावून सांगताना ऐकलंय. पोर्तुगीज चर्च म्हटलं की पाहुणा गोव्यासारखं पांढरं, मनोऱ्यांचं चर्च शोधतो. प्रत्यक्षात ती चार्ल्स कोरिया यांनी घडवलेली काँक्रीटची आधुनिक इमारत आहे, आणि तिचं खरं नाव अवर लेडी ऑफ सॅल्वेशन. तो तिच्यासमोर उभा राहूनही चर्च कुठंय असं विचारू शकतो. खुणेच्या वस्तूंचंही तसंच. ‘व्हेअर देअर आर मेनी पिजन्स’ ही कबुतरखान्याची खूण पिढ्यान् पिढ्या चालली. 2025च्या ऑगस्टमध्ये महापालिकेनं तो ताडपत्रीनं झाकला. उडणारी, हलणारी, संध्याकाळी हातगाडीसकट घरी जाणारी खूण सांगू नका. वडापावची गाडी ही खूण नव्हे.

दादर स्टेशनवर पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांना आपापला एक नंबरचा फलाट होता. डिसेंबर 2023पासून फलाट सलग 1 ते 14 झाले, तरी जुन्या सवयीचे लोक अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’ सांगतात. पाहुणा त्यामुळे थेट वेस्टर्नवर जाऊन उभा राहतो.

कुणाचं लेफ्ट?

रस्ता विचारणारा तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. तुम्ही उजवा हात हलवता, तोंडानं ‘राइट’ म्हणता, आणि त्याला तो हात स्वतःच्या डावीकडे जाताना दिसतो. कानानं एक ऐकलं, डोळ्यांनी दुसरं पाहिलं. माणूस बहुतेक वेळा डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

यावर इंग्रजीचा काहीच उपाय नाही, पायांचा आहे. आधी त्याच्या शेजारी जा, त्याला जायचंय त्या दिशेला तोंड करून उभे राहा, मग बोला. माझे विद्यार्थी याला लाजतात. अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं त्यांना विचित्र वाटतं. लाजा, पण वळा.

‘टर्न लेफ्ट’ आणि ‘ऑन युअर लेफ्ट’ यांतही गल्लत होते. पहिल्यात वळायचं आहे, दुसऱ्यात चालत राहायचं आहे आणि डावीकडे इमारत दिसणार आहे. नुसतं ‘लेफ्ट’ म्हणून सोडून दिलं की माणूस इमारतीच्या अलीकडच्या गल्लीत शिरतो. क्रियापद गाळून वेळ वाचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधीतरी त्या गल्लीतून परत येणाऱ्याचं तोंड पाहावं.

बाकीच्या किरकोळ

शिवाजी मंदिर नाट्यगृह प्लाझाच्या ‘ऑपोझिट’ आहे, ‘इन फ्रंट ऑफ’ नाही. ‘इन फ्रंट ऑफ प्लाझा’ सांगितलं तर पाहुणा प्लाझाच्याच दारात उभा राहील आणि नाटकाची तिसरी घंटा होईल.

‘बॅकसाइड ऑफ द स्टेशन’ म्हणू नका. ‘बिहाइंड द स्टेशन’ म्हणा. का ते शब्दकोशात बघा, मी वर्गात सांगत नाही.

‘रीच टू स्टेशन’मधला ‘टू’ काढा. ‘निअर टू’मधलाही.

‘सबवे’ हा शब्द अमेरिकन पाहुण्यापुढे जपून वापरा. आपल्याला रस्त्याखालचा भुयारी मार्ग म्हणायचा असतो, तो मेट्रो शोधतो. आणि आता दादरला भुयारी मेट्रो खरोखरच आल्यामुळे त्याला ती सापडतेही, म्हणजे पंचाईत आणखी वाढली. ‘अंडरपास’ म्हणा.

‘जस्ट फाइव्ह मिनिट्स’ हे मुंबईतलं सगळ्यात मोठं खोटं. चालत की टॅक्सीनं, ते तरी सांगा.

घाईची औषधं

आठवड्यात फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या व्हिडिओंमधली वाक्यं पाठ करून काही जण येतात. ‘काइंडली प्रोसीड टुवर्ड्स द इंटरसेक्शन’ अगदी झोकात म्हणतात. समोरच्यानं ‘व्हिच इंटरसेक्शन?’ विचारलं की गाडी ठप्प. पाठांतरात उलटा प्रश्न नसतो, रस्त्यावर असतोच. अशांना मी आधी एकाच जागेचा रस्ता चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सांगायला लावतो. कंटाळतात. निम्मे पुढच्या आठवड्यात येत नाहीत. जे टिकतात त्यांना वाक्यं पाठ करावी लागत नाहीत.

दुसरे मोबाइलवाले. ‘सर, नकाशा दाखवला की झालं, बोलायचं कशाला?’ दाखवा की. पण फुलमार्केटच्या गर्दीत नकाशावरचा निळा ठिपका कधी या गल्लीत, कधी त्या गल्लीत उड्या मारतो, आणि पाहुण्याच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मूल असतं. तेव्हा बोलावंच लागतं.

सांगून झाल्यावर त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या. ‘सो, व्हेअर डू यू टर्न?’ एवढंच विचारा. तो चुकला तर त्याचं वाक्य दुरुस्त करू नका, पुन्हा पहिल्यापासून सांगा आणि या वेळी एक वळण कमी सांगा. तीनपेक्षा जास्त वळणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तिथवर पोचवा आणि ‘देन आस्क समवन देअर’ म्हणून मोकळे व्हा. जागा ठाऊकच नसेल तर ‘सॉरी, आय डोन्ट नो, प्लीज आस्क दॅट शॉपकीपर’ म्हणा. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी शिकवतो आणि वर्गाबाहेर सगळ्यात कमी तेच ऐकू येतं.